हामरफेस्टहून सव्वीस मिनिटं

३ फेब्रुवारी १९९१, रविवार. स्कार्वनेस.

कंपनीनं नव्या वर्षाच्या डायऱ्या वाटल्या, त्या जानेवारी संपल्यावर. निळ्या पुठ्ठ्याची बांधणी, वर कॉड माशाचं चित्र. ही कंपनी फुकट काही देत नाही, म्हणून आधी सगळी पानं उलटून बघितली, कुठं बारीक अक्षरात आमच्याकडून काही लिहून घेतलंय का. नाही घेतलेलं. मागं भरती-ओहोटीची कोष्टकं आणि शेवटच्या पानावर विमानांचं एक कोष्टक: कुठून कुठं, किती किलोमीटर, किती मिनिटं.

मी लिहिणारा माणूस नाही. पंधराव्या वर्षी शाळेनं मला सोडलं. पण कारणच तसं झालंय. ताईचं पत्र आलंय. गुनवोर लिहिते, बाबा येतायत तुझ्याकडे, मंगळवारी, बारा तारखेला, विमानानं.

मला खरं वाटत नाही.

बाबांनी अडतीस वर्षं फेरीबोट चालवली. खाडीच्या या काठावरून त्या काठाला, बारा मिनिटं जायला, बारा यायला. नाताळात निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मला बोटीवर खलाशी म्हणून चिकटवलं होतं. सातव्या आठवड्यात मी ते टाकून इथं, देशाच्या पार उत्तर टोकाला, मासे कापायला आलो. निघताना धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "तू कुठल्याच काठाला लागायचा नाहीस." मी म्हणालो, "तुम्ही तरी दोनच काठ बघितलेत." तेव्हापासून बोलणं बंद.

आणि आता एकाएकी विमान? ज्या माणसानं जन्मात विमानाला पाय लावला नाही तो? ताईनं ढकललं असणार. नाहीतर काहीतरी सही हवी असणार.

लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मलाच शब्द फिरवता येणार नाही. म्हातारा खरंच आला, तर उन्हाळ्यात मी घरी जाईन. नाही आला, तर पंधरा मार्चला मासेमारीचा मोठा ट्रॉलर सुटतोय ग्रीनलंडच्या बाजूला, एक वर्षासाठी. त्यावर सही करीन. मग कुणी कुणाला पत्रं पाठवायला नकोत.

५ फेब्रुवारी, मंगळवार

खोलीतला जोडीदार कुगन माझी डायरी वाचतो असा मला संशय आहे. आज तोंडावर विचारलं. म्हणाला, "तुझं अक्षर तुला तरी वाचता येतं का? निर्धास्त राहा."

कुगन जाफन्याचा तमिळ. तिकडं जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. इथं माझ्या शेजारी उभा राहून कॉडचे तुकडे खोक्यात भरतो. बोलतो कमी, आणि जो कमी बोलतो त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

कोष्टक त्यानंच समजावलं. बेर्गन ते त्रोम्सो, बाराशे किलोमीटरच्या वर, दोन तास. त्रोम्सो ते हामरफेस्ट पाऊण तास. तिथून एकोणीस जणांचं छोटं विमान, स्कार्वनेसला एकशे अठरा किलोमीटर, अठ्ठावीस मिनिटं.

"म्हणजे तुझे वडील सकाळी निघाले की बाराच्या आत इथं."

"बाराच्या आत! दोन वर्षं लागली त्यांना."

"तुझ्या वडिलांना तुझ्यापर्यंत यायला तीन विमानं आहेत," कुगन म्हणाला. "माझ्या वडिलांचं पत्र यायला दहा आठवडे लागतात." मग खोक्यात तुकडे भरायला लागला. टोमणा होता की नुसतं बोलणं, कळलं नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज मिनिटागणिक लिहितो. पुरावा म्हणून.

पाळी बदलून घेतली. पावणेअकराला विमानतळावर हजर. विमानतळ म्हणजे धावपट्टी, पिवळं लाकडी बैठं घर, आणि तुरीद. तिकीट तपासणार तुरीद, सामान उचलणार तुरीद, बर्फ उपसणार तुरीद, आणि मधल्या वेळात गोड जाळीदार वाफल भाजून विकणारही तीच. काल रात्रीच्या वादळानं घराच्या पाटीवर बर्फ थापलं होतं, ते ती काठीनं झोडपत होती. वादळ आता निवलं होतं. कारखान्याचा धूर दोरीसारखा सरळ वर जात होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो: वारा अजिबात नव्हता.

अकरा अठ्ठेचाळीस, विमानाची वेळ झाली. विमान नाही.

"उशिरा येतंय," तुरीद म्हणाली. "वाटेत ग्रुन्नविकला उतरणार आहे. दातांच्या डॉक्टरला उचलायचंय तिथून. ऐन वेळी ठरलं."

ग्रुन्नविक आमच्या अलीकडचं गाव, असाच मासळीचा कारखाना, अशीच धावपट्टी. पण दातांचा डॉक्टर येतो तो गुरुवारी. मंगळवारी कशाला येईल? नोंद घेतली.

बारा वाजून आठ मिनिटं झाली तेव्हा उतरलं. सहा माणसं बाहेर आली. डॉक्टर खरंच होता, हातात पेटी. मग खरेदी करून आलेल्या दोन बायका. शाळेचे मास्तर. यंत्रं दुरुस्त करणारा एक. आणि सगळ्यांत शेवटी लाल नाकाचा, डोळे चोळत, एका बाजूचे केस उभे राहिलेला एक गडी. तो घराला वळसा घालून परत आला.

"माझी गाडी कुठंय?"

"मला काय विचारता?" तुरीद म्हणाली.

"इथंच लावली होती. त्या खांबाशी!"

"रोआल्ड, हे ग्रुन्नविक नाही."

"मग काय आहे?"

"स्कार्वनेस."

तो जरा वेळ घराकडं, खांबाकडं बघत राहिला. "कुणी हलवलं?" म्हणाला.

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. आजच्या दिवसात तेवढंच.

बाबा नव्हते.

विमानाचं दार बंद झालं, ते पुढं निघून गेलं. तुरीदनं विचारलं, "तू कुणाला न्यायला आलायस?"

"कुणाला नाही. सहज."

ती हातातल्या यादीकडं बघून "अरे, मग हे जे नाव..." असं काहीतरी म्हणायला लागली. मी दार ओढून घेतलं आणि चालत कामगारांच्या बराकीवर आलो. लोकांनी कीव केलेली मला चालत नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी बराकीच्या फोनवर बाबा. दोन वर्षांनी पहिला आवाज, आणि तोही ओरडून, जणू मी समोरच्या काठावर उभा आहे.

"विमान माघारी फिरलं!" म्हणाले. "तुमच्या डोक्यावर आलं, दोन घिरट्या घातल्या, पण वारा फार. मग गेलो परत."

मी म्हणालो, "वारा? मी विमानतळावर होतो, बाबा. धूर सरळ वर जात होता."

"हो, इकडंही थंडी आहे," म्हणाले.

"मी म्हणतोय, मी तिथं उभा होतो. विमान उतरलं."

"गुनवोर बरी आहे. तिलाच देऊ का?"

असं चाललं होतं. मी विचारतो एक, हे सांगतात भलतंच. खोटं बोलणाऱ्या माणसाची ही जुनी रीत, नको तो प्रश्न कानाआडच करायचा. मग स्वतःहून म्हणाले, "हामरफेस्टहून सव्वीस मिनिटं. घड्याळ लावून बसलो होतो." आणि ठेवला फोन.

घड्याळ लावून! कोष्टक ताईकडंही असेल. त्यावरून वाचून दाखवलं, झालं.

ट्रॉलरचा कागद मुकादमाकडून आणला. डायरीत ठेवलाय.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज ताईचा फोन. ती सरळ माणूस आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"डबा कसा होता?" पहिला प्रश्न.

"कुठला डबा?"

"अरे, लेफ्से! अख्खा शनिवार मोडून लाटली मी तुझ्यासाठी. बाबा डबा घेऊन गेले होते. म्हणाले, विमान उतरलं नाही म्हणून पायलटच्या हाती पाठवला."

बटाट्याच्या पोळ्या, लोणी-साखर लावलेल्या, माझ्यासाठी. पण विमान उतरलंच नाही, तर पायलट डबा देणार कुठं? वरून टाकणार? खोटं बोलायचं तर नीट ठरवून तरी बोला. मी तसं म्हणालो.

मग ताई हळूच म्हणाली, "आस्लाक, एक सांग. तू गेला होतास का त्या दिवशी, विमानतळावर?"

"मी? मला कामं नाहीत? मी कशाला जातोय वाट बघायला."

हे मी का म्हणालो ते ठाऊक नाही. बहुतेक मीच वेड्यासारखा उभा होतो हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "ते सारखं विचारतात. सांगते त्यांना."

सारखं विचारतात! स्वतः आले नाहीत, आणि चौकशी माझी.

२० फेब्रुवारी, बुधवार

कापताना बोट कापलं, तीन टाके. दोन दिवस सुट्टी. पडल्या पडल्या डायरीचं मागचं पान वाचत होतो आणि एकदम उठून बसलो.

कोष्टकात हामरफेस्ट ते स्कार्वनेस अठ्ठावीस मिनिटं आहेत. बाबा म्हणाले सव्वीस.

कोष्टक बघून बोलले असते तर अठ्ठावीस म्हणाले असते. आणि माझा बाप मिनिटाच्या बाबतीत थाप मारणारा नाही. बाकी कशाबद्दलही मारील. लहानपणी बोट साडेबारा मिनिटांत लागली तर त्या रात्री त्यांना जेवण जायचं नाही.

मग हे सव्वीस आले कुठून?

२१ फेब्रुवारी, गुरुवार

कुगनला सांगितलं. नको होतं सांगायला, पण भागाकार मला येत नाही.

जेवणघराच्या भिंतीवर अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा आहे. कुगननं जाळं शिवायचा दोरा घेतला, एक टोक हामरफेस्टवर टाचणीनं रोवलं, स्कार्वनेसपर्यंत ताणलं, बोटाच्या पेरानं मोजलं, माझ्या डायरीत काहीतरी गुणलं-भागलं. उतरण्या-चढण्याची दोन-तीन मिनिटं वजा केली. मग दोरा किंचित आखूड धरला आणि पेन्सिल बांधून नकाशावर एक कमान काढली.

"सव्वीस मिनिटं म्हणजे या रेघेवर कुठंतरी."

रेघ बहुतेक पाण्यातूनच गेली होती. एक डोंगर, एक ओसाड बेट. आणि ग्रुन्नविक, अगदी रेघेवर बसलेलं.

आम्ही दोघं बघत राहिलो.

"सापडलं," मी म्हणालो.

"सापडलं," कुगन म्हणाला. "आता काय करशील?"

"करायचं काय? यांचं ग्रुन्नविकला काहीतरी आहे. माझ्याकडं येतो सांगून निघाले आणि तिथं उतरले. मुद्दाम. एखादी बोट घेत असतील. किंवा बाई असेल."

कुगननं माझ्याकडं असं बघितलं जसं मी खोक्यात मासा उलटा ठेवल्यावर बघतो. "बाई?"

"आई जाऊन सहा वर्षं झाली. का नसावी?"

"लेफ्सेचा डबा घेऊन, तीन विमानं बदलून, डोंगराआडच्या गावात, बाई."

"तुला माझा बाप माहीत नाही."

"खरं आहे," तो म्हणाला. "तुला माहीत आहे ना?"

नकाशावर रेघ मारली म्हणून मुकादम बोंबलला, तेही माझ्यावरच.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

पाच दिवस झोप नीट नाही. सगळं जुळतं तरी. एकाएकी येतो म्हणणं, घिरट्यांची थाप, डबा नाहीसा, मी विमानतळावर गेलो होतो का याची चौकशी. मी गेलो नसतो तर त्यांची थाप पचली असती, म्हणून ती चौकशी.

पण एक जुळत नाही. चोरून कुठं जाणारा माणूस स्वतःहून मिनिटं कशाला सांगेल?

मुकादम ट्रॉलरचं विचारत होता. म्हणालो, शनिवारपर्यंत थांबा. शनिवारी विमान उलट्या बाजूनं येतं, पूर्वेच्या वाडसोकडून, आणि इथून ग्रुन्नविकला जातं; संध्याकाळी परत फिरतं. अडतीस किलोमीटर, चौदा मिनिटं. समोरासमोर विचारीन तिथल्या लोकांना. सही त्यानंतर.

२ मार्च, शनिवार

सावकाश लिहितो.

तिकीट काढायला गेलो तर तुरीद म्हणाली, "बरं झालं आलास. मोन्स नावाचे कुणी तुझे कोण? बारा तारखेच्या यादीत स्कार्वनेससाठी नाव होतं. मी त्या दिवशी सांगायला लागले तर तू दार आपटून गेलास."

"सहा उतरायचे होते, सहा उतरले ना?"

"सहा उतरले. पण त्यातला एक रोआल्ड होता," ती म्हणाली. "आकडा जुळला, मग नावं कोण बघतंय."

तेव्हाच कळायला हवं होतं. मला नाही कळलं. मी म्हणालो, "म्हणजे बाबा वाटेत मुद्दाम उतरले." तुरीदनं माझ्या हातात बळंच एक वाफल ठेवला आणि विमानाकडं ढकललं.

विमानात बोलणं अशक्य. दोन्ही पंख्यांचा आवाज डोक्यातून आरपार जातो. आत कर्मचारी कुणी नाही, पुढं दोन पायलट, मधे पडदा पण नाही. उतरायच्या आधी दुसरा पायलट मान मागं वळवून ओरडतो, तेवढंच. मी दुसऱ्या रांगेत होतो. त्याचे ओठ हलले. "ग्रुन्नविक" म्हणाला असणार. मला ऐकू आलं ते मला आधी ठाऊक होतं म्हणून.

चौदा मिनिटं. घड्याळ लावलं होतं.

उतरलो आणि थबकलो. पिवळं बैठं लाकडी घर. तोच खांब. तीच धावपट्टी, त्याच बाजूला समुद्र. हे सगळे विमानतळ एकाच नकाशावरून बांधलेत, हे माहीत होतं, तरी क्षणभर वाटलं की आम्ही फिरून परत स्कार्वनेसलाच आलो. पाटी वाचली तेव्हा खात्री झाली. बारा तारखेला आमच्या पाटीवर तुरीद बर्फ झोडपत होती. इथल्या पाटीवरही असणार.

आत काउंटरवर बाई होती, बोर्गहिल्ड. माझ्याकडं नीट बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "तू त्या फेरीबोटवाल्याचा मुलगा. हनुवटी तीच आहे."

मी म्हणालो, "ते इथं कुणाला भेटायला आले होते?"

"तुला," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझे शब्द चुकतायत.

"विमान थांबलं, ते उतरले, घड्याळ बघितलं, डबा घेऊन त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले. मी विचारलं, 'कुणी येणार आहे का न्यायला?' तर म्हणाले, 'मुलगा. कारखान्यात आहे. पाळी सुटली की येईल.' इथंही कारखाना आहे. मला काय शंका येणार? दर गाडीला उठून खिडकीशी जायचे. चार तास. कॉफी दिली तर आभार मानले, दुसरं काही विचारलं तर उत्तर भलतंच. मग माझ्या लक्षात आलं. डाव्या बाजूला जाऊन मोठ्यानं बोलले तेव्हा ऐकू गेलं. तुझ्या वडिलांना ऐकू येत नाही रे, उजव्या कानानं तर काहीच नाही. घरी माहीत नाही का?"

मी मान हलवली. कशासाठी हलवली, तिला काय कळलं, देव जाणे.

"पश्चिमेकडं जाणारं विमान आलं पावणेचारला. तेव्हा त्यांनी तिकीट दाखवून मला विचारलं की परतीचं आजचंच करून मिळेल का, मुलगा काही येत नाही. तिकिटावर बघते तर स्कार्वनेस. सांगितलं त्यांना. खाली बसले. म्हणाले, 'अडतीस वर्षं. एकदाही चुकीच्या धक्क्याला लावली नाही.' मी म्हटलं, माझ्याकडं राहा, शनिवारी जा पुढं, आत्ता तिकडं फोन लावते, तुमचा मुलगा तिथं उभा असेल. तर माझा हात धरला. 'नको लावू,' म्हणाले. 'आला नसेल तर? मला कळायला नको.'"

मग ती आतून डबा घेऊन आली. बर्फाच्या पेटीत ठेवला होता. "इथल्या लोकांना खायला घाल म्हणाले. मी नाही उघडला. म्हटलं, कुणीतरी येईल."

डब्याला तपकिरी कागद गुंडाळलेला. त्यावर पेन्सिलीनं बाबांचं अक्षर, बोटीच्या नोंदवहीत असायचं तसं, उभं आणि कोरडं.

बेर्गन–त्रोम्सो १ तास ५८.
त्रोम्सो–हामरफेस्ट ४३.
हामरफेस्ट–स्कार्वनेस २६. दोन मिनिटं आधी.
१२.२० लाल गाडी. नाही.
१.०५ टपाल. नाही.
१.४० दोन तरुण पायी. नाही.
२.३० लाल गाडी परत. नाही.
३.१५ अंधार.

एवढंच. अंधारानंतर काही नाही.

मी ज्या दिवशी अडतीस किलोमीटरवर उभा राहून रोआल्डला हसत होतो, त्याच वेळेचे हे आकडे.

बोर्गहिल्डनं विचारलं, चेहरा असा का झालाय. मी म्हणालो, वाफल खाऊन.

३ मार्च, रविवार

कुगनला लेफ्से दिली. त्यानं चार खाल्ल्या. "आमच्या रोटीसारखी. तिखट हवं जरा."

मी कागद दाखवला. त्यानं आकडे खालपर्यंत वाचले, घडी घालून परत दिला. म्हणाला, "बाई सापडली?"

मी उशी फेकून मारली.

"तुला आधीच कळलं होतं," मी म्हणालो. "नकाशापाशीच. मग बोलला का नाहीस?"

"तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास?"

संशय घेणं हे काम आहे, तेही मी नीट केलं नाही. सगळ्यांवर घेतला, स्वतःवर सोडून. ताईला मीच सांगितलं ना, मी गेलो नव्हतो म्हणून? तिनं ते त्यांना सांगितलं असणार. मोठ्यानं, डाव्या कानात.

फोन करून उपयोग नाही. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. मुकादमाला ट्रॉलरचा कागद कोराच परत दिला आणि एक आठवड्याची रजा मागितली. ऐन हंगामात रजा म्हणून त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या, आणि दिली.

९ मार्च, शनिवार. घरी.

स्कार्वनेस–हामरफेस्ट, ग्रुन्नविकला थांबून, अठ्ठेचाळीस. हामरफेस्ट–त्रोम्सो चव्वेचाळीस. त्रोम्सो–बेर्गन दोन तास तीन. मग बस, मग दुसरी बस. मग फेरीबोट.

ताईला काही सांगू नको म्हटलं होतं, पण ती माझीच बहीण. बाबा अलीकडच्या धक्क्यावर उभे होते, हात पाठीमागं, डोक्यावर जुनी टोपी. बारीक झालेत. मी बसमधून उतरल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चार मिनिटं उशीर."

"ड्रायव्हर नवा होता," मी म्हणालो.

त्यांनी ऐकलं नाही. मी उजव्या बाजूला होतो.

बोटीवर चढलो. मी फिरून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन कठड्याला टेकलो. त्यांनी एक नजर टाकली, मी बाजू का बदलली याचा विचार केला असणार. त्यांचा संशयी स्वभाव मला मिळालाय, की माझा त्यांना, कळत नाही. नवा कप्तान वर होता. बाबांना त्याचं सुकाणू पसंत नव्हतं ते तोंडावर दिसत होतं.

सहा-सात मिनिटं झाली, खाडी अर्धी संपली. मी अख्खी वाट मनात घोकत आलो होतो: मला सगळं माहीत आहे, बाबा, ग्रुन्नविक, बाक, कागद, कान. कागद खिशात होता. त्यांच्या हातात देणार होतो. पुरावा.

नाही दिला.

मोठ्यानं म्हणालो, "त्या दिवशी तुमचं विमान माघारी फिरलं ना."

त्यांचा हात कठड्यावर घट्ट झाला. "हो. वारा होता."

"होताच," मी म्हणालो. "मी खाली उभा होतो. बघितलं वळताना."

बाबा पाण्याकडं बघत राहिले. मग नजर न वळवता विचारलं, "किती वाजता?"

"बारा वाजून आठ मिनिटं."

ते मनात काहीतरी ताडून बघत असावेत. मग म्हणाले, "मी घड्याळ बघायला विसरलो होतो."

ज्या माणसानं जन्मात मिनिट सोडलं नाही, तो.

"म्हणजे तू आला होतास," म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"आलो होतो. तासभर आधीपासून."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. टोपीवर काहीच नव्हतं. काठ जवळ आला, घरं दिसायला लागली, ताईच्या खिडकीतला दिवा. बोट धक्क्याला लागली, जरा जोरानंच, आणि बाबांनी खिशातून घड्याळ काढलं.

"बारा मिनिटं," म्हणाले.

माझ्या घड्याळात तेरा झाली होती. मी बाही खाली ओढून ते झाकलं.